पायी चालणाऱ्यांचा हिशेब

आमच्या ओळीतले एक काका खाणीतून निवृत्त झाल्यावर रोज पहाटे फिरायला जात. हातात काठी, डोक्याला मफलर आणि परतताना कडुनिंबाच्या दोन-चार काड्या. तिरोडीत मँगनीजची खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे आणि पाळीला पायी जायचे, पायीच यायचे, ही इथल्या तीन-चार पिढ्यांची सवय. निवृत्तीनंतरही काकांचे पाय त्याच वेळेला जागे होत. दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात, परगावी मुलीकडे गेले असताना, अशाच एका पहाटे त्यांना कुठल्याशा गाडीने उडवले. गाडी थांबली नाही. पुढे जो कागद घरी आला तो हिंदीत होता. काकूंना हिंदी बोलता येई, पण सरकारी हिंदी वाचायला त्यांनी मला बोलावले. त्यात दोन शब्द मला अजून दिसतात : 'अज्ञात वाहन'.

काकू म्हणाल्या, "म्हणजे नशीबच की हो." मी मान हलवली. अज्ञात वाहनाखाली गेलेल्या माणसाच्या कुटुंबालाही त्या काळी कायद्याने पंचवीस हजार रुपये मिळत, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. अर्जाची मुदत उलटून गेल्यावर कित्येक वर्षांनी ते वाचनात आले. काकू तेव्हा नव्हत्या. तेव्हापासून रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाने आपला हक्क कुठे कुठे आणि कसा मागितला, याची टिपणे मी ठेवत आलो. त्यांतली काही वाचकांपुढे मांडतो.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. मोटार येण्यापूर्वी रस्ता चालणाऱ्याचाच होता. त्याला वेगळे नावसुद्धा नव्हते. वाटसरू होता, पांथस्थ होता, पण 'पादचारी' नव्हता. मोटार आली आणि बाकीच्यांना पादचारी व्हावे लागले. आज आपण धरून चालतो की मोटारीच्या वाटेत आलेला माणूसच बेसावध. हे मत आभाळातून पडलेले नाही, ते तयार करण्यात आले आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात शहरांमधून मुले मोटारीखाली मरू लागली तेव्हा लोक चिडून उठले होते. सिनसिनाटी शहरात १९२३ साली बेचाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून मागणी केली की शहरातल्या प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवा की तिचा वेग ताशी २५ मैलांच्या वर जाऊच नये. मोटारवाल्यांच्या संघटना आणि विक्रेते खडबडून जागे झाले. मोठा प्रचार झाला आणि मतदानात ती मागणी आपटली. त्यानंतर मोटारधंद्याने उलटा पवित्रा घेतला. रस्ता कसा ओलांडावा हे चालणाऱ्यालाच शिकवायचे आणि जो शिकणार नाही त्याची टिंगल करायची. त्याच्यासाठी तिकडे एक हेटाळणीचा शब्दही रूढ झाला. त्याचा भाव आपल्या 'गावंढळ'च्या जवळचा आहे. शहरात चालायची अक्कल नसलेला खेडवळ, असा. आम्हां गावाकडच्या लोकांना हे वाचून जरा टोचतेच.

याच्या अगदी उलट गोष्ट हॉलंडची. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. व्हिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगीही त्या वर्षी शाळेच्या वाटेवर गेली. १९७२ मध्ये त्याने आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता : 'मुलांची हत्या थांबवा'. लेखकाने 'अपघात' हा शब्द टाळला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लेखाच्या मथळ्याचेच नाव घेऊन आई-बापांची चळवळ उभी राहिली. त्यांनी गल्ल्या अडवून मुलांना रस्त्यावर खेळायला बसवले, अपघातांच्या जागांचे नकाशे काढले. चार वर्षांत, १९७६ साली, तिथल्या कायद्याने वस्तीतल्या अशा गल्ल्या मान्य केल्या की जिथे पहिला मान चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्याचा आणि मोटारीने माणसाच्या पावलाने जायचे. ज्या देशाला आपण आज सायकलींचे नंदनवन म्हणतो, ते असे रडून आणि भांडून मिळालेले आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या शहरांत कायदे नव्हते असे नाही. मुंबईचा महापालिका कायदा १८८८ चा. रस्त्यात अडथळा करू नये, हे त्यात मोटारी येण्याआधीपासून लिहिलेले आहे. १९८९ च्या केंद्रीय वाहतूक नियमांत पदपथावरून मोटार चालवू नये आणि पट्ट्यांच्या ओलांडणीजवळ चालकाने वेग कमी करावा, असे स्पष्ट म्हटले होते. इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथ किमान किती रुंद हवा तेही सांगून ठेवले आहे. २०१२ च्या सुधारित मार्गदर्शिकेप्रमाणे १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. कारण काय, तर म्हाताऱ्या माणसाचा गुडघा. वाचकहो, आपल्या जवळच्या शहरातला पदपथ एकदा डोळ्यांपुढे आणा. ज्यावर चढायला आजीला दोघांचा हात धरावा लागतो तो ओटा आहे, पदपथ नव्हे.

नियम होते, पण ते मागणारे कोणी नव्हते. मागणारे प्रथम ठळकपणे दिसतात ते पुण्यात. एके काळी सायकलींचे असलेले हे गाव बघता बघता दुचाक्यांचे झाले. रस्तारुंदी म्हणजे पदपथकापणी, असा तिथे अर्थच होऊन बसला. 'परिसर' ही संस्था १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शहराच्या पर्यावरणाचे प्रश्न मांडत होती. वाहतूक हा तिचा पुढे मुख्य विषय झाला. सुजित पटवर्धन हे तिच्यातले ठळक नाव. त्यांचा मुद्दा साधा होता : रस्त्यावरून गाड्या किती गेल्या हे मोजू नका, माणसे किती गेली ते मोजा. प्रशांत इनामदार यांनी तर आपल्या गटाचे नावच 'पादचारी प्रथम' ठेवले. या मंडळींनी मोर्चे फार काढले नाहीत. ते चौकात उभे राहिले. सिग्नलचा हिरवा माणूस किती सेकंद दिसतो, तेवढ्यात साठीचा माणूस पलीकडे पोहोचतो का, पांढरे पट्टे दुभाजकावर जाऊन आपटतात का, पदपथाच्या मधोमध विजेचा डबा आहे की झाड आहे की चहाची टपरी, अशा बारीकसारीक गोष्टी ते टिपत आणि महापालिकेला, वाहतूक पोलिसांना पत्रे पाठवत.

या पत्रलेखनाची पुण्यात थट्टाही होते. पण मला त्यात आपल्याकडची एक जुनी परंपरा दिसते. सार्वजनिक सभेच्या काळापासून पुणेकर निवेदन लिहीत आला आहे. फरक इतकाच की पूर्वी निवेदन दुष्काळाचे आणि शेतसाऱ्याचे असे, आता ते १.८ मीटरचे होते. अशा अनेक वर्षांच्या रेट्यानंतर २०१६ साली पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पादचारी धोरण मंजूर केले. देशात असे धोरण करणाऱ्या मोजक्या शहरांत पुणे जाऊन बसले. चेन्नईने २०१४ साली चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी असेच धोरण केले होते. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचा पदपथ नव्याने रुंद केला गेला, बसायला बाके आली, मुलांना खेळायला जागा आली.

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने 'पादचारी दिन' पाळला. लक्ष्मी रस्त्यावर, उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक या भागात, वाहने बंद. त्या आठवड्यात मी पुण्यात नातेवाइकांकडे होतो, म्हणून मुद्दाम गेलो. लक्ष्मी रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की तिथे चालणे म्हणजे गाड्यांच्या आरशांशी कुस्ती. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध एक आजोबा नुसते उभे होते आणि दोन्ही बाजूंचे वाडे, इमारतींचे वरचे मजले मान वर करून पाहत होते. बहुधा कित्येक वर्षांत त्यांना वर पाहायची सवड मिळाली नसावी, कारण इतर दिवशी नजर खाली, चाकांवर ठेवावी लागते. पुढच्या वर्षांतही हा दिवस पाळला गेला. वर्षातला एक दिवस चालणाऱ्याचा, याचा अर्थ उरलेले तीनशे चौसष्ट कोणाचे, असा खवचट प्रश्न मनात येतो. पण काहीच नसण्यापेक्षा हे बरे, हेही खरे.

मुंबईने निराळा मार्ग काढला. चालणाऱ्यालाच रस्त्यावरून उचलून वर ठेवले. २००८ मध्ये बांद्रा स्थानकापासून पूर्वेकडे पहिला स्कायवॉक झाला आणि पुढे मुंबई परिसरात त्यांची रांग लागली. कल्पना कागदावर छान. पण जिने चढून जायचे कोणी? डोक्यावर ओझे असलेल्याने, गुडघे गेलेल्याने, बाळ कडेवर असलेल्या बाईने. त्यांतले काही अजून उपयोगाचे आहेत, हे मान्य. बांद्र्याचा तो पहिला मात्र धोकादायक ठरून पाडावा लागला. मोटारीला जमीन आणि माणसाला जिना, ही वाटणीच मला पटत नाही.

मुंबईतच मरोळ भागात एका भाजीविक्रेत्याचा तरुण मुलगा २०१५ च्या पावसाळ्यात खड्ड्याने गेला, आणि बाप स्वतः खडी-माती घेऊन दिसतील ते खड्डे बुजवत फिरू लागला. वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले ते योग्यच. पण अशा बातम्या वाचताना मला अस्वस्थ वाटते. बापाने खड्डे बुजवावे लागतात, ही गौरवाची गोष्ट आहे की तक्रारीची?

आमच्या नागपुरातही 'जनआक्रोश' नावाने निवृत्त आणि नोकरदार मंडळी एकत्र येऊन चौकाचौकांत उभी राहतात, वाहनचालकांना थांबवून समजावतात. उन्हाळ्यातल्या नागपूरच्या चौकात उभे राहणे म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्यांना कळायचे नाही.

या चळवळींची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. पदपथ मोकळा करा म्हटले की पालिकेचा ट्रक प्रथम उचलतो तो भाजीवालीची पाटी. समोर पदपथावर चढवलेली मोटार तशीच राहते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण त्याच निकालात पदपथ हे जाण्यायेण्यासाठी आहेत, त्यांवर कोणाला कायमचा हक्क सांगता येणार नाही, असेही म्हटले. म्हणजे एकाच दगडी पट्टीवर दोन गरिबांचे हक्क, एकाचे पोट आणि दुसऱ्याचे पाय. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दोघांना जागा आखून देण्याची वाट दाखवली. ती जागा खरोखर आखली गेली तर भांडण निम्मे मिटेल. पाटीवाली स्वतःही पायीच घरी जाते, हे शहरी कार्यकर्ते कधीकधी विसरतात.

महाराष्ट्रात चालणाऱ्यांचा सर्वांत मोठा समुदाय कुठला, असे कोणी विचारले तर उत्तर शहरात सापडणार नाही. तो वारीत सापडेल. वारकऱ्याला कोणी पादचारी म्हणत नाही, पण मोटारीला ते कुठे कळते? १९ नोव्हेंबर २०१९ रोजी, कार्तिकीच्या दिवसांत, पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या संत नामदेव महाराजांच्या दिंडीत दिवे घाटात एक जेसीबी घुसला. नामदेवांच्या वंशातले सोपान महाराज नामदास त्यात गेले. दोन वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शुभारंभ झाला, त्यात दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट धरलेली आहे. महामार्गाच्या आराखड्यात चालणाऱ्याची वाट आधीच आखली जाते, हे आपल्याकडे विरळ. जे वारकऱ्याला मिळू शकते ते शाळकरी पोराला का मिळू नये, असा प्रश्न मी त्या दिवशीपासून विचारतो आहे.

न्यायालयाची वाट यानंतरची. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी शहरातल्या रस्त्यांच्या दशेविषयी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. न्यायाधीशालाही शेवटी पत्रच लिहावे लागले, हे पाहून पुणेकरांना समाधान वाटले असेल. २०१५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने म्हटले की नीट राखलेले रस्ते आणि पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातला, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

तिकडे दिल्लीत कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांची रस्तासुरक्षेची याचिका २०१२ पासून चालू होती. मोडलेली हाडे जोडणाऱ्या माणसाला एक दिवस वाटले की ती मोडू नयेत म्हणूनही काही करावे. त्याच याचिकेत, आता सर्वोच्च न्यायालयात असलेल्या न्यायमूर्ती ओक यांनी न्यायमूर्ती उज्ज्वल भुयाँ यांच्यासह १४ मे २०२५ रोजी सांगितले की अडथळारहित आणि अपंगांनाही वापरता येतील असे पदपथ हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. निवृत्तीला तेव्हा त्यांचे दहा दिवस उरले होते. मग ७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच याचिकेत आदेश झाला की सर्व राज्यांनी मोटार वाहन कायद्याच्या १३८(१अ) आणि २१०ड या कलमांखाली सहा महिन्यांत नियम करावेत. पहिले कलम चालणाऱ्यांविषयी आहे, दुसरे राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेविषयी. म्हणजे आपल्या गावातल्या रस्त्याविषयी.

इथे आम्हां सीमेवरच्यांची गंमत सुरू होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबईकडे गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नियम राज्यांनी करायचे, म्हणजे बावनथडीच्या अलीकडे भोपाळचा नियम, पलीकडे मुंबईचा. खनिजाचा ट्रक मात्र दोन्हीकडून तोच धावतो, आणि तुमसरच्या बाजाराला जाणारा माणूसही तोच. त्याच आदेशात पदपथांची तपासणी प्रथम पन्नास मोठ्या शहरांत करायला सांगितली आहे. ज्या पन्नास महानगरांचे आकडे केंद्राच्या अहवालात दरवर्षी येतात, ती. त्यांत नागपूर आहे, जबलपूर आहे. आम्ही दोहोंच्या मध्ये. केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे रोज सरासरी नव्वद. आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातले. तपासणी शहरांत सुरू व्हावी हे समजते. ती तिथेच संपू नये, एवढे आपण मागायला हवे.

आता काकूंच्या कागदाकडे पुन्हा येतो. २०२२ मध्ये ३०,४८६ माणसे अशा गाड्यांखाली गेली ज्या न थांबता निघून गेल्या. १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना लागू आहे : गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे, दावा चौकशी अधिकारी या नात्याने. ही रक्कम फार थोड्यांनी मागितली, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी, डॉ. राजशेखरन यांच्याच याचिकेत, सांगितले की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर ठाणेदाराने जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेविषयी लेखी कळवावे. हा परिच्छेद वाचकांनी कापून ठेवावा, अशी विनंती आहे. घरी गरज पडू नये. पण शेजारी पडते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघे जण शिंप्याची टेप घेऊन शाळेजवळच्या रस्त्यावर गेलो. एकाने वही धरली. डांबराची कड सोडून नालीपर्यंत मोकळी जागा किती, हे दर वीस पावलांवर मोजायचे ठरले होते. तिसऱ्या मोजणीलाच ट्रक आला आणि आम्ही टेप गुंडाळून नालीत उतरलो. धुरळा खाली बसल्यावर वही धरणाऱ्याने विचारले, "इथे काय लिहू?" आमच्यातल्या गुरुजींनी सांगितले, "जे झाले ते लिही." त्याने लिहिले. मग अर्ज हिंदीत तयार केला, बालाघाटसाठी. त्याची एक मराठी प्रत करून नदीपलीकडच्या मित्रांना पाठवली, त्यांनी त्यांच्या रस्त्यावर मोजावे म्हणून. हिंदीत 'पादचारी' लिहावे की 'पैदल यात्री' यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी 'पैदल चलने वाला' असे लिहिले, कारण ते वाचून कोणालाही कळते की हा कोण.